टिनावरचे दगड

आमच्या गावातल्या कुठल्याही गच्चीवर उभं राहिलात (गच्च्या तीन-चारच आहेत) तर खाली दगडांचं शेत दिसतं. घराघरावर, गोठ्यागोठ्यावर टिनं आणि त्या टिनांवर मांडलेले दगड. काळे, गोल, काही पाट्याएवढे, मधूनच एखादं फुटकं जातं किंवा ट्रॅक्टरचा जुना टायर. लहानपणी मला वाटायचं की छपरावर दगड असणं हा छपराचाच भाग असतो, जसा घराला उंबरा. अकोल्याला शिकायला गेले तेव्हा शहरातल्या शेडवर दगड नाहीत हे बघून मला चुकल्यासारखं झालं होतं.

गाव मंगरूळपीर तालुक्यातलं, जिल्हा वाशीम. मी अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. मागच्या हिवाळ्यात धाकट्या भावाने कर्ज काढून सात सीटची जुनी गाडी घेतली. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, आणि तेव्हापासून पेशंट नागपूरला न्यायचा असो की शिर्डीचं दर्शन, गावात गाडीवाल्याला काम आहे. गाडी आली, तशी गाडीला शेड पाहिजे. भावाने मोबाइलवर फोटो दाखवले: चौकोनी पाइपचे खांब, वर निळा पत्रा, सगळं नट-बोल्टवर. "एका दिवसात उभं होते बाबा," तो म्हणाला.

बाबांनी फोटो बघितलाही नाही. "उडालं नाई पायजे. बस."

आमच्या घरात या वाक्याला इतिहास आहे. मी आठवीत असताना मे महिन्यात एका संध्याकाळी वावधन सुटलं. गोठ्यावर अकरा टिनं होती, त्यावर पंधरा-वीस दगड. पहिल्या झोतात टिनं नुसती खडखडली. दुसऱ्या झोतात कडेचं टिन उचललं गेलं, त्यावरचे दगड घरंगळून आत पडले आणि मग एका मागोमाग एक पुस्तकाची पानं उलटावीत तशी टिनं गेली. एक शेजारच्या काकूंच्या भिंतीत रुतलं. एक आमच्या तांबड्याच्या मागच्या पायावर आलं. बैलाची ती शीर तुटली की बैल संपतो. पोळ्याला त्या वर्षी आमच्या दारात एकच बैल उभा होता. त्यानंतर वारा सुटला की बाबा टिनाखाली थांबत नाहीत, पाऊस असला तरी अंगणात येऊन उभे राहतात.

म्हणून शेड घ्यायचं ठरलं तेव्हा भावाने फॅब्रिकेशनची दुकानं शोधली आणि मी, सवयीप्रमाणे, मागे गेले. हा पत्रा आमच्या गावात आला कुठून?

आधी एक शब्दाचा घोळ. आम्ही वऱ्हाडात ज्याला टिन म्हणतो त्यात टिन नसतं. टिन म्हणजे कथील, ज्याची पितळी भांड्यांना कल्हई करतात ते. आमच्या छपरावर असतो लोखंडी पत्रा, त्यावर जस्ताचा मुलामा. 'जस्ती पत्रा' हे जुनं मराठी नाव त्यामानाने बरोबर आहे, पण ते दुकानदाराच्या बिलातच उरलं.

या पत्र्याचा जन्म लंडनच्या गोदीतला. १८२९ मध्ये हेन्री रॉबिन्सन पामर या तिथल्या इंजिनिअरने पत्र्याला लाटा पाडण्याचं पेटंट घेतलं. कल्पना इतकी साधी की आत्ता हातात कागद घेऊन करून बघता येईल. सपाट कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवला तर मधे लवतो. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घाला, तो पेन पेलतो. लोखंड तेवढंच, पण घडीमुळे ताकद कितीतरी पट. आठ वर्षांनी, १८३७ मध्ये, फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेलने लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं. जस्ताची गंमत अशी की मुलाम्यावर ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. घडी आणि जस्त एकत्र आले, आणि जगाला असं छप्पर मिळालं जे जहाजात रचून कुठेही नेता येतं आणि ज्याला सुतार लागत नाही, कुंभार लागत नाही, की झाड लागत नाही.

१८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं शोधायला माणसं धावली तेव्हा त्यांच्या मागोमाग लोखंडी घरं सुट्या भागांत बोटीने गेली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याला अशी इमारत इतकी आवडली की त्याने स्कॉटलंडच्या बाल्मोरल वाड्यासाठी मँचेस्टरच्या कारखान्यातून पत्र्याचं नृत्यगृह मागवलं. म्हणजे भावाने मोबाइलवर दाखवलेलं 'रेडिमेड शेड' दीडशेहून जास्त वर्षं जुनं आहे, आणि पहिल्या गिऱ्हाइकांत राजघराणं आहे. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याईच्याकडं वावधन नसन."

आमच्याकडे पत्रा कापसाच्या पाठीवर बसून आला.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्यांनी आमच्या काळ्या मातीकडे बघितलं. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. आजच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा तेव्हा कापसाची मोठी पेठ होतं. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंज्याच्या कापूस बाजाराला नियम लागू झाले, आणि कृषी-पणनाच्या पुस्तकांत देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून आजही कारंज्याचंच नाव येतं. (वाशीम तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता, इंग्रजांच्या कागदात 'बासिम'. १९०५ मध्ये तो अकोल्यात विरघळला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. आमच्या आजीच्या हयातीत तिचं गाव न हलता जिल्हा बदललं.)

कापूस आला म्हणजे जिन आलं, सरकी काढायचा कारखाना. जिनमध्ये वाफेचं यंत्र, हवेत तरंगणारी रुई आणि बाहेर डोंगरासारख्या गंज्या. अशा जागी गवताचं छप्पर म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून जिन, प्रेस, रेल्वेची गोदामं यांच्यावर विलायतेहून आलेला पत्रा चढला. वऱ्हाडातलं टिनाचं राज्य तिथून सुरू होतं.

गावातली घरं तेव्हा दोन तऱ्हेची. ऐपत असलेल्याचं धाब्याचं घर: सागवानी खांब, वर लाकडं, त्यावर हातभर पांढरी माती. बाकीच्यांच्या घरावर कवेलू नाहीतर गवत, पऱ्हाटी, तुराट्या. धाबं असो की कवेलू, छप्पर वजनाने जागेवर राहतं. त्याला शत्रू एकच, पाऊस. धाबं गळतं, खचतं, कधी माणसांसकट बसतं, पण वाऱ्याने उडालेलं धाबं कोणी ऐकलेलं नाही. शेकडो वर्षं आमच्या माणसांनी छप्पर खाली येणार नाही याची काळजी घेतली. ते वर जाईल अशी भीती बाळगायचं कारणच नव्हतं.

टिनाने हा हिशेबच उलटा केला.

मागच्या उन्हाळ्यात कारंज्याच्या बाहेर एका बंद पडलेल्या जिनचं छप्पर बघायला मी मुद्दाम गेले. निम्मा पत्रा गेलेला, पण ज्या रीतीने तो बसवला होता ते दिसत होतं. खाली लोखंडी कैच्या, कैच्या भिंतीतल्या दगडात बोल्टने जखडलेल्या, आणि प्रत्येक पत्रा वाकड्या हुकांनी खालच्या अँगलला आवळलेला. हूक पत्र्याच्या लाटेच्या माथ्यावरून आत जातो, खोलगटातून नाही, कारण पाणी खोलगटातून वाहतं. छपराच्या कडेला हूक दाट, मधे विरळ, कारण वारा आधी कड उचकटतो. एकही दगड नाही. ज्याने हे बांधलं त्याला माहीत होतं की हे छप्पर उडणारं आहे.

गावात जे आलं ते हे ज्ञान नाही. गावात आला नुसता पत्रा. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो विलायती आणि महाग. जमशेदपूरला पोलाद १९१२ पासून बनू लागलं, पण देशी पत्रा गावापर्यंत झिरपायला काळ गेला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, लोखंड-पोलादावर सरकारी नियंत्रण आलं आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं लोखंड परमिटच्या रांगेत होतं. अशा काळात शेतकऱ्याच्या हाती येतो तो उतरवलेला, भोकं पडलेला, दुसऱ्याच्या छपरावरचा पत्रा. तो कैचीवर कुठून बसणार? बाभळीच्या बल्ल्यांवर ठेवायचा, तारेने गुंडाळायचा आणि वर आपल्याला जे येतं ते करायचं: वजन ठेवायचं. दगड म्हणजे धाब्याची आठवण आहे, असं मला वाटतं. हातभर मातीचं काम वीस दगडांवर सोपवलं.

ते का पुरत नाही, हे मला माझ्या एका इंजिनिअर मैत्रिणीने फोनवर पाच मिनिटांत सांगितलं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला ३० मीटर, म्हणजे तासाला १०८ किलोमीटरचा झोत असेल तर दर चौरस मीटरला ढोबळमानाने ५५ किलो. आम्हाला हवं होतं १२ फूट बाय २० फुटांचं शेड, म्हणजे साधारण २२ चौरस मीटर छप्पर. सगळं मिळून सव्वा टन, आणि उघड्या शेडमध्ये वारा खालूनही शिरतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या एवढ्या पत्र्याचं वजन? शंभर किलो. वर दहा-दहा किलोचे वीस दगड ठेवले तरी तीनशे. "म्हणजे दगड ठेवून तुम्ही वाऱ्याला फेकायला काहीतरी देता," ती म्हणाली. मला तांबड्याचा पाय आठवला.

हे सगळं डोक्यात घेऊन भाऊ आणि मी वाशीमला गेलो. पहिल्या दुकानदाराने विचारलं, "ताई, किलोनं देऊ का फुटानं?" शेड घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न नीट ऐकावा. फुटाने, म्हणजे चौरस फुटाच्या भावाने ठरवलं तर बनवणारा पाइप पातळ वापरतो, कारण वाचलेलं लोखंड त्याचं. किलोने ठरवलं तर तो जाड वापरतो, कारण वाढलेलं लोखंड तुमच्या बिलात. आम्ही किलोने ठरवलं, पण पाइपची आणि पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून घेतली. पत्रा साध्या जस्ताचा न घेता रंगीत घेतला, ज्याखाली जस्त-अॅल्युमिनिअमचा मुलामा असतो: ५५ टक्के अॅल्युमिनिअम, बाकी बहुतेक जस्त, थोडं सिलिकॉन. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलने १९७२ मध्ये बाजारात आणलेलं हे मिश्रण. रंगावरून घरात दोन दिवस वाद झाला. भावाला निळा हवा होता, मला फिका, कारण मे महिन्यात आमच्याकडे ४४-४५ अंश असतात आणि गडद टिनाखाली गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही. फिका ठरला.

खरा वाद पायाचा. दुकानाचा माणूस जागा बघायला आला आणि म्हणाला, "चार खड्डे, फूट-सव्वा फूट. सिमेंट टाकून पाइप उभा करतो." बाबा खाटेवर बसले होते. ते उठले, फावडं आणलं आणि त्याच्या हातात दिलं. "खंद."

फूटभर खाली काळीच माती होती. दीड फुटावरही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांत हात जातो. तिच्यात फूटभर रोवलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो, आणि कललेल्या खांबावरचे बोल्ट वारा यायच्या आधीच सैल झालेले असतात. मुरूम लागला तो पावणेतीन फुटांवर. मैत्रिणीने हिशेब करून दिला: सहा खांब, प्रत्येकाखाली दीड फूट बाय दीड फूट बाय तीन फूट काँक्रीट. एकेक ठोकळा साडेचारशे किलोचा, सहा मिळून पावणेतीन टन. त्यात आकड्याचे बोल्ट पुरायचे, वर लोखंडी प्लेट, प्लेटवर खांब. म्हणजे दगड लागतोच. फक्त तो टिनावर नाही, जमिनीत लागतो आणि टिनाला बांधलेला लागतो.

दुकानदार नाराज झाला. पायाचा खर्च पत्र्याच्या खर्चाच्या जवळ गेला तेव्हा भाऊही. "लोकं येवढं नाई करत ताई," तो म्हणाला, आणि ते खरं आहे. गोठ्यासाठीसुद्धा सरकारचं अनुदान आहे, २०२१ च्या योजनेत दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये, पण ते मिळेपर्यंत माणूस बल्ल्यांवर टिनं टाकून मोकळा होतो.

जागेवरूनही बोलणं झालं. भावाला शेड लिंबाखाली हवं होतं, सावली म्हणून. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारसला बाबूजी महाराज संस्थानात वादळी पावसात आडोशाला माणसं टिनशेडखाली उभी होती. शेजारचा जुना लिंब शेडवर कोसळला. सात जण गेले. पारस माझ्या कॉलेजपासून लांब नाही, दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी बोलत नव्हतं. मी फक्त "पारस" म्हणाले आणि भावाने जागा बदलली.

बदललेली जागा म्हणजे गोठ्याची. ती रिकामीच होती. आमच्याकडे बैल गेले ते वादळाने नाही, सोयाबीनने. पूर्वी ज्वारी होती, ज्वारीचा कडबा होता, कडब्यावर बैल होते. वाशीम सोयाबीनचा जिल्हा झाला. सोयाबीनचं कुटार ढोरं खातात, पण कडब्याची सर त्याला नाही. कडबा विकत घेऊन बैल पोसण्यापेक्षा ट्रॅक्टर भाड्याने आणणं परवडतं, हा हिशेब घरोघरी झाला. आजोबांच्या वेळी जनावरं छपराखाली आणि दमणी बाहेर उन्हात असायची. लाकडी गाडीला कोण छप्पर देतं? आता ढोरं बाहेर आणि गाडी आत. आई एवढंच म्हणाली की खुंटा काढू नका. तो खुंटा चौथ्या खांबाच्या शेजारी तसाच आहे, भाऊ गाडी मागे घेताना शिव्या देतो.

काँक्रीट मुरायला दोन आठवडे थांबलो. शेड मात्र खरंच एका दिवसात उभं राहिलं. मी पत्रा चढवताना खाली उभी होते. रबरी वायसरचे स्क्रू, लाटेच्या माथ्यावर, कडेला दाट. पोराने एका ओळीत एकाआड एक स्क्रू सोडले तेव्हा बाबांनी शिडीला काठी वाजवली. जुन्या गोठ्याचे दगड अंगणात ढीग करून ठेवले होते. ते कुठे टाकायचे कोणाला सुचेना.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वावधन आलं. मी अकोल्यात होते, आईने फोन केला, मागे टिनांचा खडखडाट ऐकू येत होता, दुसऱ्यांच्या. आपलं शेड नुसतं गुणगुणतंय, ती म्हणाली. मी विचारलं गाडी आत आहे ना? गाडी नव्हती, भाऊ पेशंट घेऊन नागपूरला गेला होता. शेजारच्या काकूंच्या गोठ्याची दोन टिनं गेली होती, त्यांची म्हैस आणून आईच्या खुंट्याला बांधली होती. आणि बाबा?

"म्हशीजवळ उभे आहेत," आई म्हणाली. "आतच."